लक्ष्य निष्क्रिय आहे असे मानू

थप्पड बसली त्या क्षणी हेमचंद्रच्या मनात जो विचार चालू होता तो अत्यंत शुद्ध होता, आणि पुढे त्याला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा आला. अंतर शून्याकडे चाललं होतं, वेगातला फरक शून्याकडे चालला होता, आणि दोन्ही शून्यं एकाच वेळी हाताला लागणार होती. असं आजवर एकदाही जमलं नव्हतं. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात, फर्निचरच्या दुकानांसमोर, संध्याकाळच्या गर्दीत एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन पुढे चालली होती आणि गणिताचा अधिव्याख्याता हेमचंद्र तिच्या मागून, दोन हातांवरून, तिच्या पावलाला पाऊल जुळवत चालला होता. मग त्याच्या डाव्या कानात पितळेचं पातेलं पडलं. पडून ते गोल गोल घुमत राहिलं, आणि त्या घुमण्याच्या पलीकडे एक माणूस ओरडताना दिसला. तोंड आधी हलत होतं, आवाज मागाहून येत होता. माणूस किडकिडीत, तिशीचा, अंगात नुसता गंजीफ्रॉक, आणि हात कोपरापर्यंत निळे. "लय दिसापासून बगतोय, बायकोच्या मागं मागं फिरतोय माज्या," तो लोकांना सांगत होता. हेमचंद्रला म्हणायचं होतं की तुमचा गैरसमज होतोय. पण तेवढ्यात शेजारून जाणाऱ्या एका सायकलवाल्याने सायकल स्टँडवर लावली, तिला नीट कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि येऊन त्याच्या पाठीत बुक्की घातली.

पहिली थप्पड हा अर्ज असतो. नंतरच्या सगळ्या नुसत्या शिफारशी, आणि शिफारस करायला आपल्याकडे सहसा कोणी नाही म्हणत नाही. एका वयस्कर गृहस्थांनी छत्री वापरली. छत्रीची काडी वाकल्यावर त्यांनी शेजारच्या पोराला विचारलं, "क्या किया इसने?" पोरगा म्हणाला, "मालूम नहीं अंकल, मैं तो अभी आया," आणि हेमचंद्रच्या पोटरीवर लाथ घातली. चष्मा कुठे गेला ते कळलं नाही. कुणाचं तरी बोट तोंडात शिरलं, त्याला रॉकेल आणि रंगाची चव होती. खाली पडल्यावर त्याला पायच पाय दिसले, चपलांतले, बुटांतले, एक तर नव्याकोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासमधला, जो मारताना स्वतःला मळू देत नव्हता. एवढ्या अवधीतही त्याच्या डोक्याने नोंद केली की बाई थांबलेली नाही. गाठोडं गर्दीवरून तसंच, त्याच गतीने, स्टेशनच्या दिशेला गेलं.

त्याला सोडवलं ते लछमनदासनी. त्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान समोरच होतं आणि त्यांचा मुलगा हेमचंद्रच्या वर्गात दर वर्षी असे. "अरे छोड़ो, छोड़ो, ये तो अपने प्रोफेसर साहब हैं," असं ते म्हणाले तशी गर्दीला एकदम आपापली कामं आठवली. सायकलवाल्याने त्याचा शर्ट झटकून दिला. "सॉरी हां सर," तो म्हणाला, "पहिले बोलना चाहिये था ना." निळ्या हातांचा माणूस मात्र सॉरी म्हणाला नाही. तो थुंकला आणि बाईच्या मागे निघून गेला. लछमनदासनी खुर्ची दिली, पाणी दिलं, पोऱ्याला थंडा आणायला पिटाळलं. "साईं, ज़माना खराब है," ते म्हणाले. मग खुर्ची जवळ ओढून, आवाज खाली आणून, "लेकिन सर, आप उसके पीछे चल क्यों रहे थे?"

उत्तर त्याच्याजवळ होतं. गेली काही वर्षं तो त्याशिवाय दुसरं काही लिहितच नव्हता. ते लछमनदासना देणं मात्र शक्य नव्हतं.

आकाशात एक यान आधीच पृथ्वीभोवती फिरत असतं. दुसऱ्याने खालून जाऊन त्याला भेटायचं. भेटायचं म्हणजे नुसतं त्या जागी पोचायचं नव्हे. नुसतं पोचलं तर ती टक्कर. पोचल्या क्षणी वेगही त्याचाच हवा आणि दिशाही त्याचीच, म्हणजे दोघांना एकमेकं जागच्या जागी उभी दिसली पाहिजेत. आणि हे कमीत कमी इंधनात, कारण वर पेट्रोल पंप नाही. धक्के किती द्यायचे, केव्हा द्यायचे, कुठल्या अंगाला द्यायचे, हा हेमचंद्रच्या प्रबंधाचा विषय. इंग्रजी पुस्तकांत एका यानाला चेसर म्हणतात, दुसऱ्याला टार्गेट. त्यात काही वावगं आहे असं हेमचंद्रला कधी वाटलं नव्हतं. उत्तर काढायची पद्धत अशी की सुरुवातीचा एक आकडा अंदाजाने धरायचा, यान सोडून द्यायचं, ते लक्ष्यापासून किती लांबून गेलं ते बघायचं, आणि त्या चुकीवरून पुढचा अंदाज. या पद्धतीचं इंग्रजी नावच शूटिंग. त्याचे मार्गदर्शक दिनानाथ सर मुंबईतल्या ज्या संस्थेत होते तिथे काँप्युटर होता. तो थंड खोलीत ठेवलेला असे, बाहेर चपला काढून आत जावं लागे, आणि आत शिरताना नास्तिक माणसंही जरा वाकत. हेमचंद्रला त्याच्यासमोर आठवड्यातून एक सकाळ मिळे. तेवढ्यात यंत्र लांबलचक कागद ओकून टाकी, आणि त्याच्या शेवटी लिहिलेलं असे की उत्तर जवळ येत नाही. दिनानाथ सर कागदाची घडी घालत म्हणत, "हेमचंद्र, तुमचा पहिला अंदाजच वाईट असतो. तुम्हाला चालण्याची जाणीव नाही. आकडे ठेवता नुसते."

तेव्हापासून तो चालत होता. कॉलेज सुटल्यावर स्टेशनपर्यंतच्या रस्त्यात पुढचा एखादा माणूस हेरायचा आणि कमीत कमी वेळा पाऊल बदलून त्याच्या बरोबरीला जायचं, त्याच्याच वेगाने. रस्त्याला कक्षा नसते, खड्डे असतात, हे त्यालाही कळत होतं. पण जाणीव यायची तर पायातूनच येईल. माणसं लक्ष्य म्हणून अगदी रद्दी निघाली. पुरुष थुंकायला थांबत, मुली काचेतले ड्रेस बघायला थांबत, विद्यार्थी तर ओळखून नमस्कारच करत. मग गाठोडंवाली बाई सापडली. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांतून बायका कच्चा माल घरी नेतात, लोंबते धागे कापायला. तिच्या डोक्यावर तसला ढीग असे. डोक्यावर ओझं असलेलं माणूस धक्के देत नाही. तिचा वेग ताशीव होता. मागे वळून ती बघत नसे, हा तिचा गुण हेमचंद्रने लगेच हेरला. का बघत नाही, हा प्रश्न त्याच्या विषयात बसत नव्हता. अधूनमधून ती एकाएकी रस्ता ओलांडी, कधी भलत्याच गल्लीत वळे, कधी इतकी झपाझप चाले की गाठोडं कलंडायला येई. वहीत त्याने याला 'बाहेरचे अडथळे' म्हटलं होतं. प्रबंधाच्या पहिल्या पानावर, गृहीतकांत, त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: लक्ष्य निष्क्रिय आहे असे मानू.

बदलापूरला सोनिवलीत त्याने आणि बायकोने नुकतीच जागा घेतली होती. दोन खोल्या, समोर दुसरी इमारत अर्धी बांधून सोडलेली, तिच्या सळया आकाशात वर आलेल्या. नीलिमाने दार उघडलं आणि त्याचा गाल बघून आत वळली, तांब्या आणि साबण घेऊन आली. गालावर चार बोटं निळी उठली होती. साबणाने त्यातलं काही गेलं, तो रंग होता. जे राहिलं ते रक्त साकळलेलं होतं. ती गाल पुसत असताना त्याने सगळं सांगितलं, कारण खोटं सांगायला जी कल्पकता लागते ती त्याच्यात नव्हती. कॉलेजातल्या ओळखीचं लग्न, त्यामुळे दोघं एकमेकांना अरेतुरे करत.

"म्हणजे तू रोज तिच्यामागून चालत होतास," ती म्हणाली.

"तिच्यामागून म्हणजे, कुणाच्याही. आधी एक पोस्टमन होता."

"मग पोस्टमन का सोडलास?"

"तो दर घराशी थांबायचा."

नीलिमा हसली नाही. तांब्या खाली ठेवून ती म्हणाली, "बायकांच्या पाठीला कळतं रे. तुला काय वाटलं, तिला माहीत नव्हतं? मी कॉलेजात होते तेव्हा एक माणूस माझ्यामागून स्टेशनपर्यंत यायचा. काही बोलायचा नाही, हात लावायचा नाही. नुसता यायचा. त्या वर्षी मी आडवी होऊन झोपत नव्हते, भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपायचे." मग पुन्हा तांब्या उचलत, "तो पण असंच काहीतरी मोजत असेल."

हे बोलणं त्याच्या आत गेलं, पण तिथे आधीच दुसरं काहीतरी बसलं होतं आणि त्याने जागा दिली नाही. नीलिमा बरोबर आहे हे त्याला मान्य होतं. बाईची चूक नव्हती हेही मान्य होतं. मग उरत होता एकच माणूस. रात्री कूस बदलली की गाल उशीला लागे आणि निळा हात पुन्हा येई. वर्गात फळ्यावर वर्तुळ काढताना खडू मोडे. मागच्या बाकावर कुणीतरी दोन बोटांनी टकटक पावलांचा आवाज काढी आणि वर्ग वहीत तोंड घाली. शिक्षकांच्या खोलीत उपप्राचार्य म्हणाले, "तुम्ही लोकल लवकरची पकडत जा हो, हेमचंद्र," आणि सगळे चहाच्या कपात बघू लागले. तो हसला. हसताना त्याने उपप्राचार्यांचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, केस धरून, सावकाश, आणि कपाळाची कातडी सोललेल्या संत्र्यासारखी सुटताना बघितली. मग म्हणाला, "बघतो जमलं तर." त्या दिवसांत त्याने अशी पुष्कळ माणसं मारली. सायकलवाल्याला त्याच्याच कुलुपाने. छत्रीवाल्या आजोबांना छत्रीच्याच टोकाने, डोळ्यात. लछमनदासना, त्यांनी तर पाणी पाजलं होतं, पडद्याच्या कापडात गुंडाळून. निळ्या हाताच्या माणसाला मात्र तो मनात कधी मारत नसे. तो जपून ठेवला होता.

अंबरनाथला कारखान्याच्या चाळीत तो वाढला. वडील शंकरराव फोरमन, हाताला मशीनच्या तेलाचा वास, आणि मारताना काही न बोलणारे. ओरडणाऱ्या बापांची पोरं नशीबवान, त्यांना आधी कळतं. शंकरराव जेवता जेवता ताट बाजूला सारत, उठत, हेमचंद्रचा थोरला भाऊ बाळ याला दंडाला धरून उभा करत आणि काम झाल्यावर पुन्हा ताटावर येऊन बसत. आमटी निवलेली नसे. बाळ प्रत्येक वेळी धडपडे, चावे, शिव्या देई, आणि दुप्पट मार खाई. हेमचंद्रने धाकटेपणाच्या फायद्याने हे सगळं पाहिलं आणि त्यातून पहिलं गणित शिकला: हलू नये. मारणाऱ्याचा जोर समोरून येणाऱ्या जोरावर पोसतो. तो पाट्यावरल्या चटणीसारखा पडून राही आणि कमीत सुटे. एकदा बाळने घरातली पाटाची फळी उचलून शंकररावांच्या गुडघ्यावर घातली. एकच. शंकरराव खाली बसले ते पुन्हा नीट उठलेच नाहीत, आणि बाळ त्या दुपारी घरातून गेला तो आजतागायत पत्ता नाही. आई कपाळाला हात लावून रडत होती. हेमचंद्र मात्र फळीकडे बघत होता. त्याला आठवतं, भीती वाटली नव्हती. हेवा वाटला होता. प्रबंधात त्याने एक प्रमेय सिद्ध केलं होतं, म्हणजे जुनंच होतं, त्याने आपल्या उदाहरणाला लावलं होतं: कमीत कमी इंधनात भेट घ्यायची तर इंजिन कधीही अर्ध्या जोराने चालवू नये. एक तर पूर्ण बंद, नाहीतर पूर्ण जोर. लांबच लांब गप्प तरंगत राहायचं आणि मग एकदम सगळं. मधलं काही परवडत नाही. दिनानाथ सरांना ते पान फार आवडलं होतं.

निळ्या हातांच्या माणसाला शोधणं अवघड गेलं नाही. आता हेमचंद्र मागे चालत नव्हता. पुढच्याला गाठायचं तर वेग वाढवू नये, कमी करावा, खालच्या कक्षेत उतरावं, मग आपोआप पुढे जातो, हे आकाशातलं उलटं शहाणपण त्याने रस्त्याला लावलं. तो चहाच्या टपऱ्यांवर बसू लागला. जीन्स रंगवणाऱ्या गाळ्यांच्या गल्लीत गटारं निळी वाहतात, कुत्रीसुद्धा पोटाखाली निळी. बाजारातला प्रकार तिथल्या टपरीवाल्याच्या कानावर होता, त्याने विचारल्यावाचून सांगितलं, तुम्हाला मारणारा तो धर्मराज, चामटोलीचा, भट्टीवर आहे, हात बघा ना त्याचे, मेल्यावर पण तसेच राहणार, आणि गुरुवारी सुट्टी. हेमचंद्रने चहाचे पैसे दिले. समोरच्या अर्ध्या इमारतीतून त्याने एक सळईचा तुकडा उचलून आणला, हातभर लांब, गंजलेला, आणि शबनम पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला. नीलिमाने पिशवी उचलली तर वजन लागलं असतं, म्हणून तो ती पलंगाखाली ढकलून ठेवी. गुरुवारी त्याने तिला सांगितलं की त्या माणसाशी बोलून यायचं आहे. खरंच, तसंच सांगितलं.

"बोलून," ती म्हणाली.

"माफी मागावी म्हणतो. त्याने पण मागावी."

ती ऑफिसला निघाली होती, केसात पिन खोचत होती. पिन तोंडात धरून म्हणाली, "आमचे बाबा कचेरीत किती गोड होते तुला ठाऊक आहे. घरी आम्ही भांडं खाली ठेवताना सुद्धा आवाज येऊ देत नव्हतो. मला पुरुषमाणसाच्या शेजारी झोप लागते हे मला लग्नानंतर कळलं, हेमू. एवढंच आहे माझ्याजवळ. जा, बोल, पण हात खिशात ठेवून बोल." आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावून गेली.

चामटोलीच्या फाट्यावर एस.टी.तून उतरल्यावर ऊन चांगलंच होतं. भाताची कापणी होऊन गेलेली, खाचरांत धसकटं. घर विचारायला लागलं नाही; अंगणात दोरीवर निळ्या पडलेल्या बनियनी वाळत होत्या. ओट्यावर एक म्हातारी तांदूळ पाखडत होती आणि तिच्याजवळ ती बाई बसली होती, गाठोडं समोर, एका हाताने धागे कापत. दुसरा हात कळकाच्या दोन कामट्यांत घालून जुन्या लुगड्याच्या पट्टीने गळ्यात बांधलेला. पहिल्यांदाच त्याने तिचा चेहरा पाहिला. तो अगदी तरुण होता. भुवईपासून गालापर्यंत माराचा एक वळ पिवळा पडत चालला होता.

"कोन पायजे?" म्हातारीने विचारलं.

"धर्मराज आहेत का?"

"रॉकेल आनाया गेलाय. बसा. कुंदे, पानी दे पावन्यांना."

कुंदा उठली नाही. कात्री मांडीवर ठेवून ती म्हणाली, "तुमी पुना आलाव?"

"मी त्यांना भेटायला आलोय," हेमचंद्र म्हणाला.

"मना वाटला मनाच भेटाया आलाव." तिचा आवाज कोरडा होता. "डोक्यावर वजं असल्यावर मान वळत नाय. दुकानाच्या काचंत बगायची मी तुमाला. रस्ता बदलला, गल्ली बदलली, धावली पन. तुमी हायेच मागं. घरी कुनाला बोलली नाय, बोलली तर माझ्यावरच येल म्हनून. मग ह्यांनीच बगितलां."

"मी तसा काही... मी चालण्याचा अभ्यास करत होतो," हेमचंद्र म्हणाला, आणि ते वाक्य अंगणात पडलं तेव्हा त्याला स्वतःलाच ते उचलून घ्यावंसं वाटलं.

"असल." तिने गळ्यातल्या हाताकडे बघितलं. "ह्यो बोलला, तू हसली असशील, बिगर हसता कोनी येतोय मागं? बाजारात तुमाला मारलान. घरी मना."

हेमचंद्र उभाच होता. कमीत कमी खर्चाचं सूत्र त्याने आयुष्यभर मांडलं होतं. खर्च कोणाच्या टाकीतून होतो, हे लिहायला त्या सूत्रात जागाच नव्हती. हे त्याला कळलं, अगदी स्वच्छ कळलं, आणि त्याने इतकंच केलं असतं, मागे फिरून फाट्यावर गेला असता, तर पुढचं काही झालं नसतं. पण कळणं आणि वळणं यांच्यामध्ये त्याच्या खांद्याला लटकलेलं ते वजन होतं. त्याला वाटलं, आता तर कारणही चांगलं मिळालं.

सायकलची साखळी वाजली. हँडलला रॉकेलचा डबा लावून धर्मराज अंगणात आला. त्याने हेमचंद्रला पाहिलं, ओळखलं, आणि त्याच्याकडे आलाच नाही. सायकल तशीच सोडून देऊन तो सरळ ओट्याकडे गेला आणि कुंदाचा अंबाडा मुठीत धरून त्याने तिला खाली खेचलं. "घरी पन बोलवलास?" तो म्हणाला. ओरडला नाही. काही लोक मारताना ओरडत नाहीत. तिचं डोकं ओट्याच्या दगडावर आपटलं, कात्री लांब उडाली, कळकाची कामटी मोडली आणि तिच्या तोंडून जनावरासारखा आवाज आला. म्हातारी, कौसाबाई, सूप आडवं धरून नुसती मागे सरकली. तांदूळ वाचवत होती.

वर्तमानपत्र सोडायला वेळ झाला नाही. कागदासकट सळई बाहेर आली आणि हेमचंद्रने ती धर्मराजच्या दंडावर घातली. कागद फाटला. केसांतली मूठ सुटली. धर्मराज गुडघ्यांवर बसला, मग पुढे झुकला, आणि तोल सावरायला त्याने उजवा पंजा जमिनीवर टेकला, बोटं पसरून. त्याने वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. हिशेब संपल्यावर माणसं बघतात तसं तो बघत होता. भांडण मिटलं होतं. प्रबंधात दुसरा धक्का असतो तो थांबण्यासाठी, उलट्या अंगाने, उरलेला वेग खाऊन टाकायला. तो दिला नाही तर यान लक्ष्यातून आरपार जातं. हेमचंद्रने दुसरा फटका त्या पसरलेल्या निळ्या पंजावर मारला, दोन्ही हातांनी, टाचा उचलून. वाळलेली काटकी पायाखाली यावी तसा आवाज झाला, बऱ्याच काटक्या. आणि त्याच्या डाव्या कानात इतके दिवस जे घुमत होतं ते थांबलं. सगळं इतकं शांत झालं की त्याला बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली, लांबच्या खाचरातून. अंग हलकं झालं होतं. भूक लागली होती. बाळला त्या दुपारी असंच वाटलं असणार.

कौसाबाईने आधी आडवी पडलेली सायकल उचलून भिंतीला लावली, रॉकेल सांडत होतं ते थांबवलं. मग मुलाजवळ आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "आता घरात दोघांचं मिळून दोन हात."

कुंदा दगडाला धरून बसती झाली होती. कपाळातून रक्त येत होतं, ते तिने पदराने टिपलं आणि टिपता टिपता हेमचंद्रकडे बघत राहिली. "पयला माझ्यासाठी मारलाव म्हना," ती म्हणाली. "दुसरा कोनासाठी?"

खोटं सांगायला लागणारी कल्पकता अजूनही त्याच्यात नव्हती. "माझ्यासाठी," तो म्हणाला.

"मग आता जावा. परत हिकडं नको."

शेजारचा किसन आवाज ऐकून कुंपणाशी आला. "काय झाला रं?" त्याने विचारलं. धर्मराज मोडलेला पंजा पोटाशी घेऊन, दात आवळून म्हणाला, "सायकलवरनं पडलो." गावाला दुसरं काही सांगितलं असतं तर बाजारापासून सांगावं लागलं असतं. किसनने सायकलकडे बघितलं, हेमचंद्रकडे, त्याच्या हातातल्या सळईला चिकटलेल्या वर्तमानपत्राकडे बघितलं. "पावनं कोन?" त्याने विचारलं. "सर हायेत कालेजातले," कुंदा म्हणाली, "रस्ता चुकले." किसनने त्याला फाट्याचा रस्ता दाखवला, वाटेतलं कुत्रं हाकललं, आणि एस.टी. कुठली पकडायची तेही सांगितलं. सळई हेमचंद्रने एका खाचराच्या बांधाआड टाकली. फाट्यावर भजी तळत होते. त्याने दोन वेळा मागवून खाल्ली. त्याला कोणीच काही केलं नाही, पुढेही नाही. ना पोलीस आले, ना कॉलेजात चिठ्ठी.

नीलिमा त्याच्या आधी घरी आली होती. स्वयंपाक झाला होता, ताटं मांडली होती. त्याची बाही, तिच्यावरचे ठिपके, रिकामी पिशवी, हे सगळं तिने एकदाच बघितलं आणि मग बघितलं नाही.

"भेटला?"

"हो."

"बोललास?"

"नाही. मारलं."

भात वाढायचा चमचा तिने पातेल्यात तसाच उभा ठेवला. "त्याने आधी हात उचलला?"

"बायकोवर. म्हणून पहिला मारला."

"पहिला," नीलिमा म्हणाली. "किती?"

एक म्हणता आलं असतं. कौसाबाई, कुंदा, धर्मराज, कोणी साक्षीला येणार नव्हतं. "दोन," तो म्हणाला. "दुसऱ्याने त्याचा हात गेला. तेव्हा तो खाली बसलेला होता."

तिने चमचा पुन्हा हातात घेतला. भात वाढला, आमटी वाढली, मीठ वाढलं, आणि स्वतः समोर बसली. बाहेर अर्ध्या इमारतीवर कावळे बसत होते. हेमचंद्रला वाटलं, झालं, आता सांगून टाकलंय, आता ती रागावेल, मग रडेल, मग बोलेल. हे सगळं सोसायची ताकद आज त्याच्या अंगात होती, किंबहुना जरा जास्तच होती. त्याला लिंबाचं लोणचं हवं होतं. बरणी तिच्या डोक्यावरच्या फळीवर होती, तिला उठवायला नको म्हणून तो स्वतःच उठला, दोन पावलं पुढे झाला आणि त्याने हात वर केला.

नीलिमाचं डोकं खाली गेलं. दोन्ही हात कानांवर, कोपरं चेहऱ्यासमोर, मान खांद्यांत. इतक्या सफाईने की त्यात भीतीला वेळच मिळाला नसावा. ताटातली वाटी तिच्या गुडघ्याने कलंडली, तर तिने ती घाईघाईने धरली, आवाज होऊ नये म्हणून.

हेमचंद्रची बोटं बरणीला लागली होती. बरणी घ्यावी तर हात तिच्या डोक्यावरून खाली आणावा लागणार होता, आणि न घ्यावी तरीही. आमटी फरशीवरून त्याच्या पायापर्यंत आली. तो हात वर धरून उभा राहिला.